सवयीचा रकाना

टॅक्सीवाल्या काकांचा हात हवेतच राहिला.

कंपनीच्या हॉलच्या मधोमध, गालिच्यावर उभ्या केलेल्या नव्याकोऱ्या गाडीत ते बसले होते. स्टिअरिंग धरून झालं, सीट मागेपुढे करून झाली, आरशात केस ठीक करून झाले. मग त्यांचा एक हात आपसूक पुढे गेला आणि डॅशबोर्डच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर, न बघता, चाचपडायला लागला.

"काय शोधताय, काका?" शेजारच्या सीटवरून तिनं विचारलं. तिच्या मांडीवर फॉर्म होता.

"काचेवरची वाफ घालवायचं बटण हो. गोल असतं ना, फिरवायचं."

"ते आता स्क्रीनवर आहे. इथं दाबा. हं, आता 'हवा'. आता 'काच'. झालं."

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, वाकून तीनदा दाबलं आणि हसले. "आहे की! झकास आहे. आमचा हातच येडा, बाई. बत्तीस वर्षं तिथंच जातोय."

"जाईल सवय," ती म्हणाली.

"जाईल?"

"सहा महिन्यांत जाते."

हे काही ती मनचं सांगत नव्हती. खात्याच्या पुस्तिकेत तसं छापलं होतं. फॉर्मवर तीन रकाने असत: आवड, सवय, गरज. आवडीचा रकाना जाहिरातवाल्यांकडे जायचा. गरजेचा इंजिनिअरांकडे. सवयीचा रकाना मात्र कुठंच जायचा नाही, कारण सवय आपोआप जाते. तिनं काकांच्या फॉर्मवर सवयीच्या खाली बरोबरची खूण केली आणि त्यांना निरोपाची पिशवी दिली. पिशवीत कंपनीचा मग होता.

मोटारी बनवणाऱ्या कंपनीत 'ग्राहकाचा आवाज' नावाचं खातं असतं हे नोकरी लागेपर्यंत तिच्या गावीही नव्हतं. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली, आणि इथं येऊन लोकांना चहाच्या कपासाठी दोन खाचा हव्यात की तीन, हे मोजायला लागली. खात्याचे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक भाषण देत. "गाडी चार वर्षांत बिघडत नाही. पण शिळी होते. शेजाऱ्यानं नवी आणली की आपली त्याच दुपारी शिळी होते. म्हणून आपण चेहरा बदलायचा, दिवे बदलायचे, स्क्रीन चार बोटं वाढवायची. लोकांना विचारा काय हवं, तर सांगतात मायलेज. आणि शोरूममध्ये शिरले की आधी स्क्रीन दाबून बघतात!"

या वेळच्या बदलात डॅशबोर्डवरचं एकूण एक बटण गेलं होतं. ही करामत डिझायनरची. त्याला सगळे 'इस्त्री' म्हणत. कुठंही उंचवटा दिसला की तो सपाट केल्याशिवाय त्याला घास जात नसे. हिशेबवाल्यांनाही ते पसंत पडलं होतं, कारण एक बटण म्हणजे एक साचा, एक तार आणि ते बसवणारा एक माणूस. आणि हॉलमध्ये बोलावलेले एकशे साठ लोकही खूशच होते. "किती साफसूफ!" "फडक्यानं एकदा पुसलं की झालं!" एका मावशींनी तर पर्स ठेवायला जागा कुठं आहे एवढं एकच विचारलं आणि बाकी सगळ्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

तिला स्वतःला खात्यात 'काळजीवाहू सरकार' म्हणत. मुलगी झाल्यापासून हे नाव पडलं, आणि ते काही खोटं नव्हतं. सरकत्या जिन्याच्या फटी, शेजाऱ्यांच्या गच्चीचा कठडा, गिळता येतील अशा वाटाण्याएवढ्या सगळ्या वस्तू तिला आता लांबूनही दिसत. फॉर्म भरून घेताना आयांचं म्हणणं ती जरा जास्तच मन लावून ऐके. बऱ्याच आया म्हणाल्या होत्या, पुढच्या ट्रकचा धूर आत येतो, पोरांना खोकला होतो. ते तिनं ठळक अक्षरांत गरजेत लिहिलं. आणि खरंच, नव्या गाडीत सोय झाली. बाहेर धुराचा वास आला की गाडी आपणहून बाहेरची हवा बंद करायची, आतलीच हवा फिरवत राहायची, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवं पान उमटायचं. त्या पानाचा तिला मनातून अभिमान होता.

हिवाळा लागता लागता बारा गाड्या तयार होऊन आल्या. विकायला नव्हेत, 'घरच्या चाचणी'साठी. खात्यातल्या माणसांनी आळीपाळीनं एकेक गाडी शनिवार-रविवार घरी न्यायची, कुटुंबासकट वापरायची, सोमवारी फॉर्म भरायचा.

"तुम्ही न्याच," साहेब म्हणाले. "लहान मूल असलेलं कुणी हवंच होतं."

तिला गाडी न्यायची नव्हती. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

नवरा घाटापलीकडच्या कारखान्यात कामाला. दर पंधरवड्याला बसनं घरी यायचा. त्याला फोनवर सांगितलं तर तो खूश. "मग या खेपेला तूच ये की. मी बसमध्ये कंबर कशाला मोडून घेऊ?"

"मुंगीला खोकला आहे."

"गाडीत बसून खोकला वाढत नाही."

"घाटात धुकं असतं, अरे."

"धुकं म्हणजे काय वाघ आहे का? हळू चालव. सरकार, चौदा महिन्यांची झाली आपली पोर, अजून तिनं बापाची खोली बघितली नाही. नुसतं घाबरत राहिलीस तर ती लग्नालाच येईल इकडे."

मुंगी म्हणजे त्यांची लेक. रांगायला लागली तशी जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालायची, म्हणून मुंगी. तिच्या बापाचं म्हणणं तर्काला धरून होतं. भीती मात्र तर्काचं ऐकत नव्हती. तिनं शुक्रवारी संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर मुंगीची खुर्ची स्वतः बांधली, पट्टे तीनदा ओढून बघितले. खुर्चीचं तोंड मागे असल्यामुळे चालवणाऱ्याला लेकीचा चेहरा दिसत नाही. त्यासाठी मागच्या उशीला एक छोटा आरसा अडकवला. मोठ्या आरशात बघितलं की त्या छोट्या आरशात मुंगी दिसायची.

शनिवारी चांगलं उजाडल्यावर ती निघाली. सपाटीवर गाडी अशी पळत होती की तिला जरा लाजच वाटली आपल्या घाबरटपणाची. खिडकीच्या काचा खाली-वर करायची बटणं तेवढी दारावर होती. ती इस्त्रीला काढता आली नव्हती, कायदा आड आला होता. मुंगी स्वतःचा मोजा उपटून चोखत होती. "मॅडम, मोजा पायात असतो," ती आरशातून म्हणाली. मुंगी खोकली आणि हसली.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर धुकं उतरलं.

आधी समोरचा डोंगर गेला. मग झाडं गेली. मग रस्त्याची कड गेली, आणि उरले फक्त दरीच्या बाजूचे पांढरे रंगवलेले दगड, एकापाठोपाठ एक, दातांसारखे. तिनं वेग कमी केला. पुढे एक ट्रक कण्हत चढत होता. त्याचे दोन लाल दिवे धरून जायचं, एवढंच ती मनाशी घोकत राहिली. मागेही एक ट्रक आला. त्याचे पिवळे दिवे तिच्या आरशात भरले आणि मुंगी त्या उजेडात दिसेनाशी झाली.

पुढच्या ट्रकनं काळा धूर सोडला. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवं पान उमटलं.

'बरं झालं,' असंच तिच्या मनात आलं. मुंगीचा खोकला.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. लाल दिवे अंधूक व्हायला लागले, तेव्हा तिला वाटलं धुकं दाटलं. तिनं वायपर वाढवले. वायपर आधीच पुसलेल्या काचेवर कर्रकर्र घासले, आणि लाल दिवे तसेच विरघळत राहिले. मग तिच्या ध्यानात आलं. वाढलेलं धुकं बाहेर नव्हतं. धुकं आत होतं. काचेच्या आतल्या बाजूनं, त्या पानानं आत कोंडलेल्या दोघींच्या श्वासानं, खालून वर पांढरा पडदा चढत होता.

तिचा हात पुढे गेला. तिनं पाठवला नव्हता, तो आपला आपणच गेला, तिच्या जुन्या गाडीत जिथं ते झिजलेलं गोल बटण होतं तिथं. बोटांना गुळगुळीत, थंड पट्टी लागली. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे गेली. पट्टी तशीच सपाट.

'हवा'. मग 'काच'. शंभरदा लोकांना दाखवलं होतं तिनं. तिनं एक क्षण रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनकडे वळवली. 'हवा' दिसलं. बोट उचललं, तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, बोट घसरलं आणि गाणी लावायचा पडदा उघडला. मागच्या ट्रकनं भोंगा दिला. तिनं दचकून वर बघितलं तर पांढऱ्या दगडांतला एक अगदी जवळ, बॉनेटच्या कोपऱ्याशी. तिनं स्टिअरिंग फिरवलं. दगड मागे गेला. भोंग्यानं घाबरून मुंगीनं भोकाड पसरलं.

"नाही, बाळा, नाही, काही नाही..."

काचेचा वरचा वीतभर भाग तेवढा उरला होता. ती मान ताणून त्यातून बघत होती. तळहातानं काच पुसली तर बोटांच्या रेघा उठल्या आणि त्या रेघांत लाल दिव्यांचे दहा दिवे झाले. बोलून सांगायची सोय होती गाडीत, लोकांची आवडच होती ती. ती ओरडली, "काच साफ कर!"

"माफ करा," गाडी गोड आवाजात म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही."

मुंगी टाहो फोडत होती. तिनं पुन्हा सांगितलं. "माफ करा," गाडी म्हणाली.

पुन्हा स्क्रीन. 'हवा'. दाबलं, बरोबर दाबलं. आता 'काच'. आणि त्याच क्षणी सगळ्या खुणा झाकत मधोमध एक निळी चौकट उघडली, पाच चांदण्यांची: 'प्रवास कसा वाटतोय?'

ते वाक्य तिचंच होतं. बैठकीत कुणीतरी 'प्रवास कसा वाटला' असं लिहिलं होतं, आणि तीच म्हणाली होती, 'वाटतोय' ठेवा, जवळीक वाटते.

चौकट मिटवायची फुली कुठं होती ते तिला आयुष्यात आठवलं नसतं. पुढचे लाल दिवे आता नव्हतेच. ट्रक वळला होता की थांबला होता, डावीकडे की उजवीकडे, काहीच कळेना. सगळं दुधासारखं पांढरं, आणि मागून पिवळा उजेड वाढत येतोय. थांबावं तर तो अंगावर येणार. चालावं तर कुठं?  आणि या सगळ्यात तिला हॉलमधले काका दिसले, त्यांचा हवेतला हात, आणि स्वतःचा प्रेमळ आवाज. जाईल सवय.

हात दारावर गेला. तिथं बटणं होती. खरी, उंच, बोटाला लागणारी. तिनं चारही एकदम दाबली.

चारी काचा खाली गेल्या आणि गार धुकं भसकन आत शिरलं. तिनं डोकं बाहेर काढलं. तोंडावर बारीक पाणी बसलं. डोळ्यांच्या कडेनं रस्त्याच्या मधली पांढरी रेघ दिसली, तिच्या चाकापासून जेमतेम वीतभर. ती त्या रेघेला नजरेनं चिकटली. मान बाहेर, एक हात स्टिअरिंगवर, अशी ती वळण चढली. हळूहळू समोरची काच कोपऱ्यातून मोकळी व्हायला लागली. लाल दिवे पुन्हा दिसले, दोनच.

आणि मग तिला जाणवलं की मुंगी रडत नाहीये.

मघाशी रडत होती. आता मागून काहीच येत नव्हतं, खोकलासुद्धा नाही. आरशात नुसता मागच्या ट्रकचा उजेड. मागे वळता येत नव्हतं.  काचा उघडून किती वेळ झाला? अंगावर पातळ झबलं. छातीत कफ. पुढचा थोडासा रस्ता तिनं कसा काढला हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. एका वळणावर रस्ता रुंद होता, दुरुस्तीची खडी पडली होती. तिनं गाडी खडीत घातली. मागचा ट्रक शिव्या घालत निघून गेला.

पट्टा सुटेना. सुटला. ती मागचं दार उघडून आत कोसळली.

मुंगी टक्क जागी होती. केसांवर धुक्याचे मणी, नाक लालभडक, आणि आश्चर्यानं उघडं तोंड. तिनं मोजा धरलेला हात पुढे केला आणि मोजा आईला दिला.

ती त्या खडीत बसून किती वेळ रडली कुणास ठाऊक. नवऱ्याचा फोन आला तेव्हा म्हणाली, "तू बसनं ये इथपर्यंत. इथून पुढे तू चालव. मी मागे बसणार."

त्यानं थट्टा केली नाही. "कितव्या वळणावर?" एवढंच विचारलं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी खात्यात पोचली. हॉलमधल्या गाडीत छताला एक बारका कॅमेरा होता. त्यात आलेल्या प्रत्येक माणसाचं चित्रण झालेलं असे, पण ते कुणी बघत नसे. लोक बोलले ते फॉर्मवर आलेलंच असायचं. तिनं ते लावलं, आणि आवाज बंद केला.

तोंडं हलत होती, हसत होती. तिनं तोंडांकडे बघितलंच नाही. हात बघितले. चष्मेवाल्या मास्तरांचा हात त्या पट्टीवर गेला आणि मागे आला. पैकीच्या पैकी गुण देणाऱ्या मावशींचा हात चार वेळा गेला. एक कॉलेजातली मुलगी, आयुष्यभर स्क्रीनवर वाढलेली, तिचाही गेला. दुपारपर्यंत मोजणी झाली. एकशे साठांपैकी एकशे एकतीस. आणि यातल्या प्रत्येक फॉर्मवर, तिच्याच हातची, सवयीखाली खूण.

उभ्या गाडीत विचारलं होतं खात्यानं सगळं. गालिच्यावर, दिव्यांच्या लखलखाटात, काचेवर श्वासाचा ठिपका नसताना.

संध्याकाळच्या बैठकीत तिनं घाटातली हकीकत सांगितली. 

"बाप रे," इस्त्री म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पण मॅडम, अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची ना."

"कुठली बाजू? दिसत नव्हती."

 तिनं शेवटचं चित्रण लावलं. त्यात इस्त्रीच होता, हॉल उघडण्याच्या आदल्या दिवशी गाडीत बसून बघताना. त्याचा हात पुढे गेला, पट्टीवर फिरला, थबकला. त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो मांडीवर ठेवून दिला.

"हे मला आठवतही नाही," तो हळूच म्हणाला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पुस्तिकेत गरजेची व्याख्या काय आहे?"

"'जिच्यावाचून गाडी चालवता येत नाही ती.'"

"मग? गाडी चाललीच की तुमची. आलात ना तुम्ही."

 साहेबांनाच आपलं वाक्य ऐकून कसंतरी झालं असावं, कारण ते घाईनं पुढे म्हणाले, "हे बघा, मी दुष्ट माणूस नाही. ती चांदण्यांची चौकट चालत्या गाडीत बंद. आजच. काचेची खूण पहिल्या पानावर आणू. पण बटण? साचे तयार झालेत. पहिली खेप आठ हजार गाड्यांची आहे. ते पुढच्या बदलात."

"म्हणजे कधी?"

"दोन वर्षांनी. तेव्हाही नवीन काहीतरी दाखवायला लागेलच की! 'बटण परत आलं!' जाहिरात आयती तयार." ते हसले. एकटेच.

"मग निदान शोरूममध्ये प्रत्येकाला सांगायला लावा. काच धुरकटली तर आधी खिडक्या उघडा म्हणून."

"बाई," साहेब थकल्यासारखे म्हणाले, "भीती घालून कुणी गाडी विकतं का?"

तिनं एकशे एकतीस फॉर्म टेबलावर घेतले आणि तिथंच बसून एकेकावरची सवयीखालची खूण खोडून गरजेखाली केली, शेजारी सही केली. कुणी अडवलं नाही. सगळे घरी गेले तरी तिचं संपलं नव्हतं. काकांचा फॉर्म हाती आला तेव्हा तिनं त्यावरचा नंबर फिरवला.

"काका, ती गाडी घेताय का तुम्ही?"

"पोरं मागं लागलीत, बाई. का हो?"

"एवढ्यात घेऊ नका. आणि तुमचा हात येडा नाही."

"आँ?"

"हात येडा नाही तुमचा. मी चुकीचं लिहिलं होतं."

 "बरं," काका म्हणाले, बायका काहीही बोलतात अशा सुरात. पण मग म्हणाले, "कुठं झालं? घाटात?"

"हो."

"लेकरू होतं?"

"हो."

"मग नाही घेत," काका म्हणाले.

आठ हजारांतला एक माणूस कमी झाला.

महिन्याभरात गाड्या रस्त्यावर आल्या. ती कुठंही जायला निघाली की आधी तीच गाडी दिसायची, आणि नजर आपोआप चालवणाऱ्याच्या हाताकडे जायची. मुंगीचा खोकला केव्हाच गेला होता. आईची झोप मात्र गेली ती गेली. डोळे मिटले की पांढरं व्हायचं.

एका संध्याकाळी ती पाळणाघराकडे निघाली होती. गारठा होता, बारीक भुरभुर होती. सिग्नलला थांबली तशी तिच्या जुन्या गाडीची काच धुरकटली. न बघता हात गेला, गोल बटण फिरलं, काच मोकळी झाली. आणि मोकळ्या काचेतून समोर ती उभी होती, नवीन मॉडेल, अजून नंबरही न लागलेली. मागची काच आतून पांढरी व्हायला लागली होती. तिच्यातून अंधूक दिसत होतं: मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, आणि पुढे एका बाईचा हात, पट्टीवर इकडून तिकडे फिरणारा.

तिनं गाडी बंद केली, किल्ली मुठीत घेतली आणि ती रस्त्यात उतरली. सिग्नलचे आकडे पळत होते. तिनं त्या बाईची काच ठोठावली. काच चार बोटं खाली आली. आत तिच्याच वयाची एक बाई, डोळ्यांखाली तिच्यासारखीच काळी वर्तुळं.

"खिडक्या उघडा," ती धापा टाकत म्हणाली. "काच अशी झाली ना की स्क्रीनकडे बघायचंच नाही. आधी खिडक्या. चारी. लक्षात ठेवाल?"

"तुम्ही कोण?"

काय सांगायचं? "मी... ही गाडी करणाऱ्यांतली आहे."

बाईचा चेहरा एकदम निवळला. कुणीतरी विचारपूस करायला आलंय असं वाटलं तिला. "अय्या, हो का! छान आहे हो गाडी. हात अजून तिथंच जातो, पण त्याचं काही नाही." ती ओशाळून हसली. "होईल सवय."

"नाही, ऐका माझं..."

मागचे भोंगे सुरू झाले. हिरवा दिवा कधीच लागला होता. बाईनं हात हलवला, काच वर घेतली आणि गाडी निघाली. पहिल्या चौकात सरळ गेली असती तर शहरात गेली असती. तिनं घाटाकडचं वळण घेतलं.

ती भररस्त्यात, भोंग्यांच्या मध्ये, ते दोन लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.